डोंगरातले वर्ष आणि सरकारी मदत

पश्चिम जुन्नर आणि पश्चिम आंबेगावमधल्या आदिवासी कुटुंबाला वर्षातून दोनदा बाहेरच्या आधाराची गरज पडते. दिवाळीच्या पुढेमागे भात झोडून घरात आले की गावातली शेतीची कामे संपतात आणि उन्हाळ्यात हिरड्याची वेचणी सुरू होईपर्यंत हाताला काम नसते. दुसरी वेळ पावसाळ्याची. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी झालेली असते आणि नवे पीक यायला तीन महिने असतात. त्या दिवसांत माणसे खाचरात पाठ मोडेपर्यंत राबतात, पण स्वतःच्या शेतातल्या राबण्याची मजुरी कोणी देत नाही. रोजगार हमी पहिल्या अडचणीसाठी आहे, रेशन दुसरीसाठी; पावसाळ्यातल्या धान्यासाठीचे खावटी कर्जही दुसरीसाठीच होते. या योजनांचे नियम, रकमा आणि कार्यालये यांची चर्चा पुष्कळ होते. डोंगरातल्या घरासाठी प्रश्न त्याहून साधा असतो: मदत कोणत्या महिन्यात आली?

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे हे दोन तालुके पूर्वेला आणि पश्चिमेला अगदी वेगळे आहेत. पुणे-नाशिक महामार्गाच्या पट्ट्यात नारायणगाव, मंचर या बाजारपेठा आहेत. तिथे ऊस, द्राक्ष, टोमॅटो आणि कांदा पिकतो, साखर कारखाने चालतात. पश्चिमेला नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या बाजूला सह्याद्रीचा माथा आहे. तिथे मुख्यतः महादेव कोळी, आणि त्यांच्याबरोबर ठाकर व कातकरी राहतात. भात, नाचणी, वरई ही पावसावरची पिके, तुटपुंजी जमीन आणि तीव्र उतार. यातला बराचसा भाग १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित क्षेत्र ठरला आहे आणि आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे.

दोन्ही बाजूंना जोडणारी गोष्ट म्हणजे पाणी. कुकडी प्रकल्पातली डिंभे, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि येडगाव ही धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. त्यांचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडे, थेट पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळ्यापर्यंत जाते. घोड नदीवरच्या डिंभे धरणात तर ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते मूळ आंबेगावच बुडाले. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. ज्यांच्या शिवारात पाणी साठले त्यांच्या शेतात ते चढले नाही. उतारावरून खाली गेलेल्या पाण्याच्या मागे डोंगरातली माणसेही मजुरीसाठी खाली जाऊ लागली.

ती जातात नारायणगावला. तिथला मजुरांचा बाजार सगळ्या उत्तर पुणे जिल्ह्याला माहीत आहे. सकाळी रस्त्याच्या कडेला स्त्री-पुरुष डबा घेऊन उभे राहतात, बागायतदार किंवा त्यांची माणसे गाडी घेऊन येतात, रोज ठरतो आणि माणसे गाडीत चढतात. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडून आणि शेजारच्या अकोले तालुक्यातूनही लोक येतात. कितीतरी जण हंगामभर तिथेच मोकळ्या जागेत पाल ठोकून किंवा उघड्यावर राहतात. टोमॅटोची तोडणी, द्राक्षाची विरळणी, कांद्याची लागण अशी कामे असतात तेव्हा रोज चांगला मिळतो. अवकाळी पाऊस झाला किंवा भाव पडला की गाड्या कमी येतात, आणि उभी राहिलेली अर्धी माणसे दुपारी तशीच परततात. या बाजारात लेखी करार नाही, आणि काम करताना साप चावला, औषध फवारताना चक्कर आली तर जबाबदारी कोणाची, याचे उत्तरही नाही. बरोबर आलेल्या मुलांची शाळा महिनोन् महिने बुडते. रोजगार हमीचा कायदा नेमका याच माणसांसाठी झाला होता, आणि तो महाराष्ट्रातच प्रथम झाला.

वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगावात या योजनेचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला आणि तलाव खोदायला आली, तेव्हा योजनेने राज्यभर आकार घेतला. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागण्याचा हक्क देणारा असा कायदा त्यापूर्वी देशात कुठेच नव्हता. त्याच्या खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. शहराच्या पगारातून खेड्यातल्या मजुरीला पैसा देण्याची ही कल्पना महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. पुढे २००५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कायदा केला, त्यात या अनुभवाचा मोठा वाटा होता. तो टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि १ एप्रिल २००८ पासून पुणे जिल्ह्यातही आला. केंद्राच्या कायद्याने कुटुंबाला वर्षात १०० दिवसांची हमी दिली, आणि त्यापुढच्या दिवसांचा खर्च महाराष्ट्राने आपल्या तिजोरीतून करायचे ठरवले.

२००५ च्या कायद्याची यंत्रणा अशी. कुटुंबाने ग्रामपंचायतीत नोंदणी करून जॉबकार्ड घ्यायचे. काम हवे असेल तेव्हा नमुना ४ भरून मागणी करायची आणि तारखेची पोच घ्यायची. त्या तारखेपासून १५ दिवसांत, गावापासून ५ किलोमीटरच्या आत काम मिळाले पाहिजे; काम त्याहून दूर असेल तर १० टक्के जादा मजुरी. काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता: पहिले ३० दिवस मजुरीच्या चौथ्या हिश्श्याइतका, नंतर निम्म्याइतका. मजुरीही १५ दिवसांत द्यायची. उशीर झाला तर थकलेल्या रकमेवर रोज ०.०५ टक्के भरपाई. १ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये झाला. त्या दराने सहा दिवसांच्या आठवड्याचे १,८७२ रुपये होतात आणि त्यावर उशिराची भरपाई दिवसाला एक रुपयाही भरत नाही. एवढ्याशा रकमेने कोणतेही कार्यालय घाई करणार नाही.

डोंगरात या यंत्रणेला पहिली अडचण येते ती मागणीपाशी. लोक ग्रामरोजगार सेवकाला तोंडी सांगतात, ‘काम काढा’. तोंडी मागणीची तारीख कुठेच नोंदली जात नाही, त्यामुळे १५ दिवस मोजायला सुरुवातच होत नाही आणि सरकारी आकडेवारीत त्या गावात कामाची मागणी शून्य दिसते. किसान सभेसारख्या संघटनांनी जुन्नर-आंबेगावच्या गावांत नमुना ४ भरून घेण्याचा आग्रह धरला तो यासाठीच. दुसरी अडचण तयार कामांच्या यादीची. कोणत्या गावात कोणती कामे घ्यायची याचा आराखडा आधी मंजूर नसेल, तर माघात केलेल्या मागणीला मंजुरी मिळेपर्यंत उन्हाळा लागतो. तेव्हा गावात हिरडा असतो, पाठोपाठ पेरणी येते. काम निघते पण माणसे मोकळी नसतात. तिसरी अडचण अलीकडची. १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवरची हजेरी मोबाईल ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणे सक्तीचे झाले, आणि १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होऊ लागली. खोट्या हजेऱ्यांना आळा घालणे हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण कड्याखालच्या वाडीत रेंज नसते. फोटो चढला नाही तर दिवसभर माती उचललेल्या बाईचा दिवस मस्टरवर लागत नाही, आणि तो लावून घेण्यासाठी तिला तालुक्याला हेलपाटा घालावा लागतो. त्या हेलपाट्यात आणखी एक रोज बुडतो.

नारायणगावात पैसे संध्याकाळी किंवा आठवड्याला हातात पडतात, रोजगार हमीत ते पंधरा दिवसांनी, कधी महिन्यांनी मिळतात. घरात मीठ-मिरचीला पैसा नसलेले कुटुंब पंधरा दिवस थांबू शकत नाही. म्हणून गावात काम असूनही माणसे खाली जातात. ‘आदिवासींनाच रोजगार हमी नको आहे’ असा निष्कर्ष यावरून काढला जातो, आणि तो साफ चुकीचा आहे.

लोकांना हवे असलेले काम मिळाले तर काय होते, याचे उत्तर याच भागात आहे. त्याचे नाव पडकई. उतारावर नाचणी-वरई पिकवणाऱ्या जमिनीचा वरचा भाग खणून माती खाली ओढायची, खालच्या बाजूला दगडांची ताल रचायची आणि उतार सपाट करून भाताचे खाचर पाडायचे, ही इथली जुनी रीत. हे काम एकट्याच्या घराने होत नाही. म्हणून उन्हाळ्यात शेजारीपाजारी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबत. हळूहळू पोटासाठी गाव सोडणे वाढले आणि ही रीत मोडत आली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने मांडलेला मुद्दा सोपा होता: रस्त्यावर खडी फोडायला मजुरी देता येते, तर स्वतःच्या उतारावर भाताचे खाचर पाडायला का देता येऊ नये? त्या मजुरीतून त्या वर्षीचे पोट भरते आणि पुढच्या सगळ्या वर्षांचे भातही मिळते. मोठ्या खटपटीनंतर पडकईला सरकारी कार्यक्रमात जागा मिळाली. ‘शाश्वत’च्या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कारही लाभला.

पण लोकांची रीत सरकारी कार्यक्रमात शिरली की तिला उद्दिष्टे आणि मुदती लागतात. हातांनी होणारे काम मार्चअखेरपर्यंत उरकायचे तर यंत्र सोयीचे पडते. यंत्र दिवसात कितीतरी गुंठे उलटून टाकते, पण जाणत्या माणसाने दगडावर दगड बसवून रचलेली ताल त्याला रचता येत नाही, आणि मजुरीही कोणाच्या हाती पडत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. त्या बाजूला गेलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला कळले. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. त्यानंतर डोंगरउतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाबद्दल प्रश्न विचारले गेले. अतिवृष्टी आणि उताराची मुळातली घडण ही मोठी कारणे होती, एकट्या सपाटीकरणाला दोषी धरता येत नाही. तरीही एक गोष्ट त्या चर्चेतून पुढे आली, आणि ती धोरण आखणाऱ्यांनी कायमची ध्यानात ठेवायला हवी: तीव्र उतारावर मजुराच्या हाताऐवजी यंत्र आणले तर रोजगार तर जातोच, जमिनीची घडीही मोडू शकते. माळीणचे पुनर्वसन आमडे इथे झाले आणि नव्या घरांचे २०१७ मध्ये लोकार्पण झाले.

डिंभ्याच्या काठीही असाच एक धडा आहे. धरणाचे पाणी उन्हाळ्याकडे ओसरू लागले की काठची गाळपेर जमीन उघडी पडते. विस्थापित आदिवासींनी ती कसायची, आणि जलाशयात मासेमारी स्वतःच्या सहकारी संस्थेमार्फत करायची, यासाठी ‘शाश्वत’ आणि इथले लोक वर्षानुवर्षे पाटबंधारे आणि मत्स्य विभागाशी बोलत राहिले. डोंगरात भात पिकवणाऱ्या माणसांनी खोल पाण्यात होडी चालवणे आणि जाळे टाकणे नव्याने शिकून घेतले. यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नव्हती. परवानगी हवी होती, आणि धरणग्रस्ताचा धरणातल्या पाण्यावर काही हक्क आहे हे मान्य होणे हवे होते.

रोख पैशाचा इथला मुख्य आधार हिरडा. एप्रिल-मेमध्ये कोवळा बाळहिरडा झोडून, वेचून, कातळावर वाळवून विकला जातो. कातडी कमावण्यासाठी आणि औषधांसाठी त्याला मागणी असते. पावसाआधी बी-बियाणे, मीठ, तेल आणि मुलांच्या वह्या यांचा खर्च त्यातून भागतो. ही वस्तू सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवायला सरकारने १९७० च्या दशकात दोन पावले उचलली. आदिवासी विकास महामंडळ १९७२ मध्ये स्थापन झाले, आणि आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा १९७६ मध्ये आला. त्या कायद्याने पालेमोडीसारखी उभ्या पिकावरची सावकारी बंद करायची होती आणि एकाधिकार खरेदीची सोय करायची होती. विचार चांगलाच होता. पण हिरडा वाळला की तो विकण्यासाठी घरात थांबायला सवड नसते. खरेदी केंद्र उघडायला दोन आठवडे उशीर झाला, तर व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागतो.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या झाडांचे मोठे नुकसान केले. हिरड्याचे झाड वाढून उत्पन्न द्यायला वर्षे घेते. पडलेले झाड म्हणजे कुटुंबाचे पुढच्या कितीतरी उन्हाळ्यांचे पैसे. आंबा किंवा काजू पडला तर नुकसानभरपाईचे निकष तयार असतात. हिरडा त्या निकषांत बसत नव्हता. भरपाईचा निर्णय करून घेण्यासाठी जुन्नर-आंबेगावच्या लोकांना मोर्चे आणि उपोषणे करत वर्षे घालवावी लागली. बागायती पिके समोर ठेवून आखलेल्या नियमात डोंगरातले झाड बसत नाही, याचा याहून ठळक दाखला सापडणार नाही.

पावसाळ्यातल्या उपासमारीवर १९७८ पासून खावटी कर्जाची योजना होती. पेरणी ते कापणीच्या दिवसांत घरात धान्य असावे, म्हणून दिलेले हे कर्ज. मध्यंतरी ती बंद पडली. कोविडच्या टाळेबंदीनंतर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने एका वर्षासाठी खावटी अनुदान जाहीर केले: प्रत्येक कुटुंबाला ४,००० रुपये, त्यातले २,००० खात्यात आणि २,००० चा किराणा. प्रत्यक्ष वाटप मात्र २०२१ पर्यंत लांबले. म्हणजे ज्या पावसाळ्याच्या भुकेवर उपाय म्हणून ते जाहीर झाले, तो पावसाळा सरून गेला होता.

रेशन त्या मानाने नियमित आहे आणि डोंगरातल्या घरांना सगळ्यांत मोठा आधार त्याचाच आहे. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. दिवसभर चिखलात भात लावणाऱ्या माणसाची भूक त्यात भागत नाही. राबून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, ही तक्रार म्हाताऱ्या माणसांकडून सर्रास ऐकू येते. अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासून सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एक पूर्ण जेवण मिळते. धान्य घरी नेले की ते सगळ्यांत वाटले जाते आणि बाई शेवटी जेवते. अंगणवाडीत बसून खाल्लेले जेवण तिच्याच पोटात जाते. म्हणून ही योजना मोलाची.

संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांत निराधार वृद्ध आणि विधवांना २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. पात्रतेसाठी दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव, किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत, अशी सर्वसाधारण अट आहे. हा आकडा रोजगार हमीच्या शेजारी ठेवून पाहावा. ३१२ रुपये रोजाने ६८ दिवस काम केले की २१,००० ची मर्यादा ओलांडली जाते. १०० दिवसांची पूर्ण हमी मिळाली तर घरात ३१,२०० रुपये येतात. एका कायद्याने दिलेला हक्क पुरता घेतला, तर त्याच घरातली विधवा दुसऱ्या योजनेच्या कागदावर अपात्र ठरू शकते. ही मर्यादा वाढवल्याशिवाय उत्पन्नाचे दाखले खोटे लिहिले जाणे थांबणार नाही, आणि तो खोटेपणा लोकांवर नियमानेच लादला आहे.

सगळ्यांत मागे राहिले ते कातकरी. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांची नोंद विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून आहे. खैराचा कात पाडण्यावरून यांचे नाव पडले. जंगल तुटले, तो धंदा गेला, आणि आता मासे-खेकडे, शेतमजुरी, वीटभट्टी यांवर घर चालते. वीटभट्टीचा मालक पावसाळ्यातच उचल देतो. ती घेतली की पुढचे सहा महिने भट्टीवर जावेच लागते, मग गावात रोजगार हमीचे कितीही काम निघाले तरी उपयोग नाही. कातकऱ्याला पावसाळ्यात दोन हजार रुपये वेळेवर मिळाले, तर ती उचल टळू शकते. पुष्कळांचे घर दुसऱ्याच्या जागेत असते. त्यामुळे पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून रेशनकार्ड नाही, आणि जुनी नोंद नाही म्हणून जातीचा दाखला नाही. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेत अशा गटांसाठी घरकुलाला २ लाख रुपये आणि वस्त्यांवर दाखल्यांची शिबिरे आहेत. कचेरी वस्तीवर येणे ही खरोखर चांगली सुरुवात आहे. पण ज्याच्या नावावर गुंठाभर जागा नाही, त्याने घरकुल बांधायचे कुठे, हा प्रश्न गावठाणातली जागा मोजून दिल्याशिवाय सुटत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले आहेत. बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागणार आहे, आणि पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवायची तरतूद आहे. शेतीला मजूर मिळावेत हा त्यामागचा विचार. जुन्नर-आंबेगावात या तरतुदीचा परिणाम हंगाम कोणाचा धरला यावर ठरेल. डोंगरातल्या भाताचा हंगाम धरून आवणी आणि कापणीच्या दिवसांत कामे थांबवली, तर फारसे बिघडणार नाही. तेव्हा लोक आपल्याच शेतात असतात. पण नारायणगाव-मंचरच्या बागायतीचा हंगाम धरला आणि पौष-माघात कामे बंद झाली, तर डोंगरातल्या मजुराला रस्त्यावर जाऊन मिळेल त्या रोजावर उभे राहण्यावाचून दुसरा मार्ग उरणार नाही. एकाच तालुक्यात दोन हंगाम आहेत, हे राज्याने आपली योजना बसवताना ध्यानात घ्यायला हवे. पश्चिमेकडच्या गावांचे वेळापत्रक तिथल्या ग्रामसभांकडून घ्यावे. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने विकासाच्या आराखड्यांना मंजुरी देण्याचा अधिकार दिलेलाच आहे.

कायदा कोणताही लागू असो, काम मागणाऱ्याच्या हातात कागद असला पाहिजे. दिवाळीनंतर भात घरात आले की त्याच आठवड्यात मागणीचा अर्ज लेखी द्यावा, आणि ग्रामपंचायतीचा शिक्का व तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय दारातून परत फिरू नये.